सासूबाईंचा घोळणा आणि दौंडच्या गोळ्या

आमच्या माणसांत आजाऱ्याला भेटायला जाताना केळी किंवा बिस्किटं नेण्याची पद्धत नव्हती. गोळ्या नेत.

कारण सरळ होतं. शिरूरच्या मिशन कंपाउंडात राहणाऱ्या बहुतेक घरांतला एखादा तरी माणूस दौंडला रेल्वेत होता. कुणी फिटर, कुणी गार्ड, कुणी माझ्या नवऱ्यासारखा पार्सल ऑफिसात कारकून. रेल्वेच्या माणसाला दवाखान्यातलं औषध फुकट मिळे, आणि फुकट मिळणारं औषध दुखत नसलं तरी आणून ठेवायचं, ही क्वार्टर्समधली शिस्त होती. पाठ दुखते म्हणून सांगायचं, गोळ्या घ्यायच्या, घरी कागदाच्या पुडीत बांधून ठेवायच्या आणि शिरूरला कुणी निघालं की त्याच्या हाती द्यायच्या. शिरूरला अशा गोळीचं नावच ‘दौंडची गोळी’ पडलं होतं. ती कशावर आहे हे कुणी विचारत नसे. दौंडची आहे, एवढं पुरे.

मी नवऱ्याबरोबर दौंडला राहत होते. सासूबाई शिरूरला, कंपाउंडातल्या घरात, धाकट्या दिराच्या संसारात. सासरे मिशनच्या शाळेत मास्तर होते. ते गेल्यावर देवळाच्या मंडळीत सासूबाईंकडे एकच काम उरलं होतं, पण त्या कामापुढे मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या खुर्च्याही फिक्या पडत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, प्रभूच्या देहाची आणि रक्ताची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस. त्या दिवशी देवळातल्या मेजावर पांढरं कापड घालायचं ते सासूबाईंनी. शुक्रवारी त्या ते धुऊन नीळ देत, तांदळाची कांजी करत. शनिवारी कोळशाची इस्त्री. त्या इस्त्रीला आणि त्या कापडाला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. रविवारी मंडळी बसली की दोन्ही हातांवर कापड आडवं धरून त्या मधल्या वाटेनं चालत जात, दोन पायऱ्या चढत आणि कापड एकदाच झटकत. ते चारही बाजूंनी सारखं लोंबत खाली बसे. पुन्हा ओढायचं, सरळ करायचं, असलं काही नाही.

मी यादी करून काम करणारी बाई. उपासनेत बसले तरी घरी गेल्यावर काय काय करायचं त्याची जुळणी मनात चालू असते. सासूबाई कापड झटकत तेवढ्यापुरती ती थांबायची.

एका थंडीत त्यांचे गुडघे धरले. सकाळी खाटेवरून उठायला त्यांना भिंतीचा आधार लागू लागला. लगेच भेटायला येणारे सुरू झाले, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात किंवा पिशवीत पुडी. शिवाय एक रीत होती, ती बाहेरच्याला सांगून पटणार नाही. यजमानानं चहा दिला तर त्याच्यासमोर प्यायचा, तशी पाहुण्यानं आणलेली गोळी त्याच्यासमोर गिळायची. मग तो समाधानानं म्हणायचा, “आता बघा, फरक पडतोय का न्हाई.”

मी एकदा विचारलं, “आई, सकाळी एक घेतलीत, आता ही दुसरी कशाला?”

“अगं, मानसानं एवढ्या लांबनं आनली. न्हाई खाल्ली तर त्येला काय वाटंल?”

रविवारच्या उपासनेनंतर तर सगळी मंडळीच एकामागून एक येई. उरलेल्या गोळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जात. भर म्हणून मिशनच्या दवाखान्यातलं सांध्यांचं मिक्श्चर होतं, आणि दुकानातली डोकेदुखीची पुडी, जी सासूबाई कित्येक वर्षं चहाबरोबर घेत. पुडीला तर त्या औषध म्हणतच नसत.

गुडघे मात्र सुटले. महिन्याभरात सासूबाई विहिरीपर्यंत चालू लागल्या. “लोण्यावानी झाल्यात,” म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला गुडघे वाकवून दाखवू लागल्या, आणि ते पाहून लोक आणखी गोळ्या आणू लागले.

मग त्यांना घंटा ऐकू यायला लागली.

“घंटा झाली का गं?” त्या माझ्या धाकट्या जावेला विचारत.

“कुठली घंटा? आज मंगळवार हाय.”

“वाजतीया की. कानात बसलीया.”

“तुमाला बलावनं आलं आसंल वरनं,” जाऊ म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

ही जाऊ न्हावरे गावची. हाताला उरक भरपूर, जिभेला लगाम नाही. सासूबाईंचं सगळं तीच करत होती, हेही सांगायला हवं. मी दौंडहून दोन गाड्या बदलून यायचे आणि परत जायचे. घोळणा फुटायला लागला तेव्हा रक्ताच्या उशा, पदर, टॉवेल धुवायला तीच होती. त्यामुळे तिच्या बोलण्याला धार होती ती नुसती स्वभावाची नव्हती.

पहिल्यांदा घोळणा फुटला तो तोंड धुताना. नंतर शिंकलं की, वाकलं की, कधी काहीच न करता. आमच्याकडे नाकातून रक्त म्हणजे उष्णता, यात दुमत नाही. सासूबाईंना उताणं निजवत, मान मागे टाकत, डोक्यावर गार पाणी ओतत, फोडलेला कांदा नाकाशी धरत. उताणं निजवल्यामुळे रक्त घशात उतरे, मग त्या ओकत, आणि ओकारीत रक्त दिसलं की घरात ओरड होई. उष्णता कुठून आली याचा शोध जाऊ ताटात घेई. आधी लसूण बंद झाला. मग गूळ, बाजरी, चहा, शेवटी रविवारचं मटण. सगळे जेवत असताना सासूबाई ज्वारीची भाकरी आणि ताक घेऊन कोपऱ्यात बसत.

“मटनाचा रस्सा तेवढा वाढ,” त्या एकदा म्हणाल्या.

“वाढते. मग उशीबी तुमीच धुवा.”

गोळ्यांचा संशय कुणालाच आला नाही. दौंडच्या गोळीनं तर गुडघे बरे झाले होते.

त्यानंतरचा प्रभुभोजनाचा रविवार मी पाहिला. मी आदल्या दिवशी आले होते. सासूबाई मधल्या वाटेनं चालत गेल्या, पायऱ्या चढल्या, कापड झटकलं. ते बसलं. त्या एक सुरकुती हातानं साफ करायला किंचित वाकल्या आणि मेजाच्या बरोबर मधोमध एक लाल थेंब पडला. मग दुसरा. सासूबाईंनी पदर नाकाला लावायच्या आधी तो कापडावर दाबला, थेंब पुसायला, आणि डाग पसरला. तेवढ्यात पुढच्या बाकावरचे एक पंच शेजाऱ्याकडे कलले. हळू बोलायची त्यांना सवय नव्हती.

“ह्या मेजावर रगत आठवायचं त्ये प्रभूचं. म्हातारीचं न्हवं.”

आधी पुरुषांच्या बाजूला कुणीतरी नाकातून हसलं. मग बायकांच्या बाजूला पदर तोंडाला गेले. माझी जाऊही हसली. तेव्हा मला तिचा राग आला होता. आता वाटतं, तितक्या उशा धुतल्यावर मीही हसले असते.

विटाळ हा शब्द आमच्या मंडळीत उच्चारायचा नसतो. आमच्या आज्या-पणज्यांनी ज्या गोष्टी मागे टाकल्या त्यांतला तो एक. म्हणून पाळकसाहेब संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांनी ‘स्वच्छता’ हा शब्द वापरला.

“आई, तुमच्या सेवेविषयी कुणाच्याच मनात शंका नाही. पण स्वच्छतेचा प्रश्न आहे. नाक थांबलं की कापड पुन्हा तुमचंच. तोवर धाकट्या सूनबाई घालतील.”

“शबुद देताय?”

“शब्द देतो.”

जावेनं त्याच संध्याकाळी कापड डागासकट उचललं आणि स्वतःच्या पेटीत ठेवलं. सासूबाई खाटेवर बसून पेटीकडे बघत राहिल्या. त्या दिवसापासून त्यांना दुसरा विषय नव्हता. नाक थांबवायचं. कसंही करून. त्यासाठी कुणी काहीही सांगितलं तरी त्या हो म्हणणार होत्या, आणि जावेच्या न्हावऱ्याच्या मावशीनं सांगितलं की टाळूवरचे केस काढून तिथे ओल्या मातीचा गोळा थापा, उष्णता माती ओढून घेते.

सासूबाईंचा अंबाडा एका मुठीत मावत नसे. सासरे गेले तेव्हा गावातल्या बायका भेटायला आल्या होत्या. विधवेचं डोकं त्या काळी अजून काही घरांत भादरलेलं दिसे. सासूबाईंनी त्यांच्यासमोर पदर मागे सरकवून अंबाडा दाखवला होता. “आमच्यात नवरा मेला तरी बाईच्या केसाला कुनी हात लावत न्हाई.” त्या घरात नवीन आलेल्या प्रत्येक सुनेनं ही गोष्ट ऐकलेली होती.

मी एस.टी.तून उतरून कंपाउंडात शिरले तेव्हा न्हावी वस्तरा पुसत होता. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. टाळूवर बशीएवढी जागा तासलेली, बाजूनं केस पसरलेले.

“आई, आरसा नगा मागू आता,” जाऊ म्हणाली. मला बघून तिनं हात झटकले. “ताई, हे आसं मधीच टक्कल कसं दिसतंय? ऱ्हायलंय तरी किती. सगळंच काढून टाका म्हनते मी. धुवायलाबी सोपं.”

न्हाव्यानं माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे.

“काढू दे,” सासूबाई म्हणाल्या. “त्यानं नाक थांबत आसंल तर काढू दे.”

त्याला फार वेळ लागला नाही. जावेनं केस खराट्यानं गोळा केले, कांद्याच्या साली पडल्या होत्या त्याही त्यातच, आणि सगळं उकिरड्यावर टाकून आली. मग मातीचा गोळा थापला. गार चिखलाचे ओघळ कानामागून मानेवर उतरत होते. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “गारठ्यानं डोकं लई धरलंय. पुडी दे गं.”

जावेनं पुडी दिली. चिखलानं डोकं दुखायचं, डोकं दुखलं की पुडी, आणि पुडीनं काय होत होतं ते आम्हाला पुढे कळलं. त्या आठवड्यात घोळणा रोज फुटला.

मी निर्णय घेऊन टाकला. सासूबाईंना दौंडला न्यायचं. माझ्या नवऱ्याच्या रेल्वे दवाखान्याच्या कार्डावर आईचंही नाव होतं, पण ते कार्ड घेऊन गोळ्याच आणल्या गेल्या होत्या, आईला कधी नेलं नव्हतं. मी कुठेही जाताना मोकळ्या हातानं जात नाही. घरात औषध म्हणून जे जे होतं ते पिशवीत भरलं. पत्र्याचा डबा, मिक्श्चरची बाटली, कागदात बांधलेल्या पुड्या, उशीखालच्या सुट्या गोळ्या. जाऊ म्हणाली, “डॉक्टरला इकायच्यात का?”

रेल्वेचे डॉक्टर तुसडे म्हणून क्वार्टर्समध्ये प्रसिद्ध होते. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता. डॉक्टरांनी तो बोटानं मागे सारला, डोकं बघितलं, पदर परत पुढे ओढला.

“हे कुणी केलं?”

“उष्णतेवर,” मी म्हणाले.

मी पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यांनी आधी मला दुकान काढायचं आहे का म्हणून विचारलं. मग एकेक उचलून बघू लागले. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. एका बाजूला थोडंसं राहिलं, दुसरीकडे ढीग झाला.

“म्हातारे, कानात आवाज येतो का?”

“व्हय. देवळाची घंटा वाजती. समद्या येळंला.”

“वाजणारच.” मग माझ्याकडे वळून त्यांनी ढिगावर हात ठेवला. “ही गोळी, ही गोळी आणि ही. तिन्ही एकच औषध आहे. ही दुकानातली पुडी, तेच. बाटलीतलं त्याचं भावंड. ह्यानं दुखणं थांबतं. त्याबरोबर रक्ताची गोठायची ताकदही जाते. तरुण माणसाला एखादी खपून जाते. ह्या वयाला नाकातली शीर कागदासारखी पातळ झालेली असते. फुटली की रक्त थांबणार कशानं? किती घेत होत्या दिवसाला?”

सासूबाईंनीच सांगितलं.

“पाव्हनं येतील तेवढ्या.”

डॉक्टर हसले नाहीत. पुन्हा रक्त आलं तर निजवायचं नाही, असं त्यांनी बजावलं. बसवायचं, मान पुढे झुकवायची, नाकाचा मऊ भाग बोटांनी दाबून धरायचा, घाईनं सोडून बघायचं नाही, तोंडानं श्वास घ्यायला सांगायचा. आणि हे सगळं बंद. आजपासून.

“मग गुडघं?” सासूबाईंनी विचारलं.

“गुडघे दुखतील.”

“चालाया येईल का?”

“थोडंफार येईल. शेक घ्या, तेल लावा. नाक हवंय की गुडघे, दोन्ही मागू नका.” आणि त्यांनी ढीग माझ्या पिशवीत न भरता स्वतःच्या खणात लोटला.

शिरूरला परत आल्यावर मी घराची घडी बसवली. दारातच सांगायचं: गोळी घेऊन आत यायचं नाही, यायचं तर केळी आणा. लोकांना ते फार लागलं. “आमच्या गोळीनं म्हातारीचं नाक फुटलं व्हय?” एक पंच तर, देवळात रगताचं बोलले तेच, पुढे कित्येक दिवस आमच्याशी सलामसुद्धा करत नव्हते. सासूबाईंना मटण, चहा, गूळ सगळं परत सुरू झालं. जे थोडं औषध ठेवायला सांगितलं होतं ते जावेच्या पेटीत, कुलुपात, कापडाच्या शेजारी.

नाक आठवड्याभरात आटोक्यात आलं. घंटाही थांबली. डोक्यावर पांढरी लव उगवली. आणि गुडघे परत आले, पहिल्यापेक्षा वाईट. दोन्ही सुजून दगडासारखे झाले. जाऊ शेक देई, तेल लावी, आणि लावताना बोले, “आता नाक बरं हाय, तर तंगड्या. तुमचं काय ना काय चालूच.” परसात जायला सासूबाईंना दोघांचे खांदे लागत.

पाळकसाहेब शब्दाला पक्के निघाले. स्वतः येऊन म्हणाले, “आई, नाक थांबलं म्हणून ऐकलं. ह्या रविवारी कापड तुम्ही घाला.”

शनिवारी मी पोचले. सासूबाईंनी बसल्या जागी इस्त्री केली होती. मी चहा दिला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

“एक गोळी दे.”

“नाही, आई.”

“आज एक आन् उद्या सकाळला एक. तुझ्याकडं दौंडला आसतील. पिशवीत आसंल एखादी. पायऱ्या चढन्यापुरती.”

“घोळणा फुटेल. पुन्हा कापडावर पडेल.”

“पडू दे. पुसता येतं.”

मी दिली नाही. माझ्या पिशवीत नव्हती, पण असती तरी दिली नसती. त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही. डॉक्टरांनी बंद म्हणजे बंद सांगितलं होतं.

रविवारी दीर आणि शेजारचा एकजण खुर्ची उचलून सासूबाईंना देवळात घेऊन आले. मधल्या वाटेनं खुर्ची गेली, पायऱ्यांवर तिरकी झाली, वर टेकली. सासूबाईंच्या हातांवर कापड होतं. सगळी मंडळी त्यांच्या नाकाकडे बघत होती. बाकाच्या टोकाला बसलेली माणसं वाकून बघत होती. मीसुद्धा नाकाकडेच बघत होते.

सासूबाईंनी कापड मांडीवर ठेवलं, मेजाची कड धरली आणि उठायला जोर केला. अर्ध्या उठल्या. गुडघ्यांनी तिथेच साथ सोडली आणि त्या खाली बसल्या, तसं मेज खर्रकन पुढे सरकलं. कुणाचं तरी लहान मूल मोठ्यानं हसलं. त्याला गप्प केलं नाही कुणी. त्यांनी पुन्हा कड धरली. तिसऱ्यांदा त्यांनी कड धरली तेव्हा पाळकसाहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

माझी जाऊ उठली. पदर खोचून पायऱ्या चढली आणि सासूबाईंच्या मांडीवरचं कापड उचललं.

“द्या, आई. मंडळी खोळंबलीया.”

सासूबाईंनी लगेच सोडलं नाही. थोडा वेळ दोघींनी ते धरलेलं होतं. मग जावेनं ओढलं. तिनं झटकलं, ते एका बाजूला घसरलं, तिनं ओढून सरळ केलं, तरी भिंतीकडचा कोपरा लांब राहिला. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. खुर्ची खाली आणायला मधे वेळ नव्हता, म्हणून सासूबाई सबंध उपासनाभर तिथे मेजाशेजारी मंडळीकडे तोंड करून बसून राहिल्या. पदर घसरून डोक्यावरची लव उघडी पडली होती. त्यांनी तो वर घेतला नाही. नाक शेवटपर्यंत कोरडं होतं.

घरी आणल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी संध्याकाळच्या गाडीची तयारी करत होते. पिशवी उचलली तेव्हा त्या तशाच, न वळता बोलल्या.

“त्या डॉक्टरला सांग. नाक थांबलं.”

पुढच्या वेळी माझ्या धाकट्या मुलाच्या खोकल्यासाठी दवाखान्यात गेले तेव्हा मी सांगितलं. सांगायचं म्हणून लक्षात ठेवलं होतं.

“थांबलं? उत्तम,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्याला आत बोलावलं.